मित्रच होता, मग एवढं का लागतं?

"सख्खा भाऊ गेला तरी माणूस वर्षभरात सावरतो. हा तर मित्र होता."

साताऱ्यात समुपदेशन करताना हे वाक्य मी अनेक घरांतल्या माणसांकडून ऐकलं आहे. बोलणारा काळजीपोटी बोलतो. ऐकणारा मात्र गप्प होतो आणि आपल्यातच काही बिघडलंय का, असं स्वतःला विचारत बसतो. हा प्रश्न घेऊन आलेल्या एका माणसाबद्दल आज लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

अण्णा कोरेगाव तालुक्यातले, एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. त्यांना बायकोनं आणलं होतं. रक्तदाबाची गोळी बंद केली होती, रात्री तीनला उठून ओट्यावर बसायचे, संध्याकाळी पारावर जाणं पूर्ण सोडलं होतं. बालमित्र हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, त्याला आठ महिने झाले होते.

हा मित्र सैन्यात होता. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट. लखनौला ट्रेनिंग झालं आणि 1999 मध्ये कारगिलच्या लढाईत तो एका पलटणीच्या डॉक्टरसोबत द्रास भागात होता. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा लोक त्यालाच 'डॉक्टर' म्हणू लागले. सलाईन लावायची की तालुक्याला न्यायचं, हे आधी त्याला विचारलं जायचं. दर रविवारी लिंबाखाली तो म्हाताऱ्याकोताऱ्यांचा रक्तदाब तपासायचा, पैसे न घेता.

पहिल्या भेटीत अण्णा मित्राविषयी जेमतेम चार वाक्यं बोलले. तो गेला त्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर सांगितलं. सरणाची लाकडं कुठून आणली, ट्रॅक्टर कुणाचा, पाहुण्यांच्या चहाचं कोणी बघितलं. सगळं अण्णांनीच केलं होतं. दहाव्याला मांडवही त्यांनीच घातला. चौथ्या दिवशी ते ड्युटीवर हजर होते.

मला इथेच थांबावंसं वाटलं. आपल्याकडे मरणाच्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मुलगा पाणी देतो, भावकी सुतक पाळते, सोयरे दुखवट्याचे कपडे आणतात. या सगळ्यात माणसाला रडायला, बसून राहायला, कामावर न जायला एक हक्काचं कारण मिळतं. मित्राला यातलं काहीच मिळत नाही. तो राबतो आणि घरी जातो. शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखावर सविस्तर मांडणी केली: ज्या दुःखाला समाज हक्काचं दुःख मानत नाही, ते माणसाला एकट्यानं वाहावं लागतं आणि म्हणून जास्त काळ छळतं. अण्णांना मी हे सोप्या शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी येडा न्हाई?" नाही, अण्णा. अजिबात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. शहीद जवानाची आठवण कशी ठेवायची, हे साताऱ्याला कुणी शिकवायला नको. अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले आणि गावाच्या नावातच 'मिलिटरी' आलं. कारगिलमध्ये देशाचे 527 जवान गेले. ज्यांच्या गावातला कुणी त्यात होता, त्या गावानं चौकाला त्याचं नाव दिलं, 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, हार घातले. पण जो जिवंत परतला, नोकरी पुरी करून आला आणि पंचवीस वर्षांनी घरातल्या कॉटवर गेला, त्याचं काय? त्याच्यासाठी ना तिरंगा येतो, ना बिगुल वाजतो. त्यानं डोंगरावर काय केलं, हेही कुणी विचारत नाही. अण्णांना हे खुपत होतं आणि ते खुपणं रास्तच होतं.

तिसऱ्या भेटीला अण्णा एक शंभर पानी वही घेऊन आले. मित्राच्या बायकोनं ती त्यांना दिली होती, "भावजी, तुमचीच पानं जास्त आहेत," म्हणून. सहा महिने ती ट्रंकेत होती. उघडण्याचं धाडस होत नव्हतं. आम्ही ती माझ्या टेबलावर उघडली. फूटपट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वरचा, खालचा, नाडी, गोळी. इतरांच्या पानावर गोळीच्या रकान्यात 'घेतली' किंवा 'नाही' एवढंच. अण्णांच्या पानावर वेगळे शेरे. "160/100. गोळी नाही. शिव्या दिल्या." पुढच्या रविवारी, "150/90. घेतली म्हणतो. विश्वास नाही." आणि एका ठिकाणी, "130/84. शाब्बास."

अण्णा हसले, आणि मग बराच वेळ रडले. मी मध्ये काही बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी मनातला खरा सल सांगितला. एकदा नदीच्या घाटावर बसलेले असताना मित्र अचानक बोलला होता, "एका रात्री दोघं एकदमच आणले. मी एकाला धरलं." एवढंच. तो पुढे बोलेल की काय, या भीतीनं अण्णांनी म्हशीच्या दुधाचा विषय काढला. "मॅडम, तो सांगायला आलावता. मी त्याला सांगूच दिलं न्हाई. पुन्हा कधी त्यो बोलला न्हाई."

'एकाला धरलं' म्हणजे काय, हे अण्णांना थोडं उलगडून सांगावं लागलं. कारगिलमधल्या बऱ्याचशा चढाया रात्री झाल्या, काही ठिकाणी पंधरा-सोळा हजार फुटांच्याही वर. हेलिकॉप्टर सगळीकडे उतरू शकत नव्हतं, त्यामुळे जखमीला स्ट्रेचरवरून किंवा पाठीवरून खाली आणायला कित्येक तास जायचे. अशा जागी नर्सिंग असिस्टंटचं काम म्हणजे रक्त थांबवणं, पट्टा आवळणं, श्वास मोकळा ठेवणं, मोडलेला हात-पाय बांधणं, अंग गरम ठेवणं आणि खाली पाठवणं. जखमी जास्त आणि माणसं कमी असली की कुणाकडे आधी जायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. त्याचं तसं प्रशिक्षणच दिलेलं असतं, तो नियम आहे. पण नियमानं वागलेल्या माणसालाही दुसऱ्याचा चेहरा विसरता येत नाही. वाचवलेले किती होते, हे असे लोक मोजत नाहीत.

मी अण्णांना एकच प्रश्न विचारला. "घाटावरच्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे आला होता का?"

"आला की. रोजच यायचा."

"किती वर्षं?"

"मरेपतूर."

यावर मी सल्ला दिला नाही. त्यांचं त्यांना उमगू दिलं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, की तो आला की दोघं बैलांचे, बाजाराचे, शाळेतल्या गुरुजींचे विषय काढायचे आणि तो पोट धरून हसायचा. घरी तो फारसा हसत नसे, असं वहिनी सांगायच्या. माझं प्रामाणिक मत असं, की युद्धावरून आलेल्या माणसाला विचारणारा जसा लागतो, तसा न विचारणाराही लागतो. त्या एका संध्याकाळी अण्णा कमी पडले असतील. ते मी पुसलं नाही, पुसायचंही नव्हतं. पण त्या संध्याकाळीच्या मागे-पुढे असलेल्या हजारो संध्याकाळी हिशेबातून गाळून कसं चालेल?

आता वाचकांच्या उपयोगाचं. मित्र गेल्यावर सहा-आठ महिने धक्का बसल्यासारखं वाटणं, त्याच्या वेळेला जीव खालीवर होणं, ही आजाराची लक्षणं नव्हेत. पण शोक जवळजवळ रोज तितकाच तीव्र राहिला, कामधंदा आणि घर त्यात बुडू लागलं, तर तपासून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरतात, अमेरिकन निकषांत प्रौढांसाठी एक वर्ष. औषधं सोडणं, दारू वाढणं, 'आता मीही जातो' अशी भाषा येणं, यांतलं काहीही दिसलं तर महिने मोजत बसू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अण्णांच्या बाबतीत मी सगळ्यात आधी रक्तदाबाची गोळी सुरू करायला लावली आणि त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. मनाचं बोलणं त्यानंतर.

घरच्यांनी काय करावं, असं अण्णांच्या बायकोनं विचारलं. मी म्हटलं, मित्राचं नाव घरात घ्या. जेवताना घ्या. अण्णांचा मूड जाईल म्हणून टाळू नका.

मध्येच 26 जुलै आला. गावच्या शाळेनं अण्णांना मित्रावर बोलायला बोलावलं. ते घाबरून माझ्याकडे आले. "मला लढाईतलं काय ठावं? खोटं कसं बोलू?" खोटं बोलायची गरजच नव्हती. द्रासचा तो माणूस अण्णांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिला होता तो चौथीतला मुलगा. शाळेत लस टोचायला आरोग्य खात्याची माणसं आली की खिडकीतून उडी मारून उसात लपणारा. त्याला शोधून काढणारे आणि तरीही गुरुजींना न सांगणारे एकटे अण्णा. पुढे ज्यानं आयुष्यभर हातात सुई धरली, तो सुईला इतका भ्यायचा, हे त्या गावात आता दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेतलं भाषण त्यांनी शेवटी दिलं नाही. माइकपुढे उभं राहायला नको वाटलं आणि मीही आग्रह धरला नाही. पण मित्राच्या धाकट्या मुलाला ते ऊस दाखवायला घेऊन गेले. लपायची जागा, खिडकी, गुरुजींची छडी, सगळं सांगितलं. बापाच्या फोटोला सलाम करत वाढलेलं ते पोर. ते विचारत सुटलं, मग सापडले का, मार बसला का, सुई टोचलीच का? अण्णांना उत्तरं देता देता दुपार झाली. आता दर रविवारी पोरगा स्वतःच येतो, वही आणि यंत्र घेऊन. आशाताईंनी त्याला पट्टा बांधायला शिकवलंय. गेल्या भेटीत अण्णांनी मला त्याचा पहिला शेरा वाचून दाखवला: "144/90. काका बोलायचं थांबत नाहीत, पुन्हा घ्यावा लागेल."