शंका विचारा : डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

मागच्या वेळी भास आणि भुताटकीबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं तर पत्रांचा ढीगच आला. निम्म्या पत्रांत पहिलंच वाक्य "ताई, मी खोटं बोलत नाहीये" असं आहे. माहितीये मला, थाप मारणारा माणूस एवढा घाबरून लिहीत नाही. तेव्हा ते वाक्य गाळा आणि ती जागा तपशिलांना द्या, किती वाजले होते, दिवा चालू होता का, आदल्या रात्री झोप किती झाली होती वगैरे. उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

प्रश्न : महिन्याभरात तीनदा झालं. पहाटे डोळे उघडतात, खोली नीट दिसते, पण करंगळीसुद्धा हलत नाही. दाराशी काळपट असं कोणीतरी उभं असतं, ते जवळ येतं, मग छातीवर दाब येतो आणि ओरडायचं म्हटलं तर आवाज फुटत नाही. शेजारी झोपलेल्या बायकोला काही पत्ताच नसतो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. मी शिफ्टमध्ये काम करतो, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी.
– रात्रपाळीवाला

उत्तर : शिफ्टचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. तुम्हाला जे होतंय त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपण स्वप्न बघतो त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखर उठून भिंतीवर आदळला असता. एरवी जाग येते तेव्हा हे कुलूप आपोआप निघतं. कधीकधी काय होतं की डोळे उघडतात, भान येतं, पण कुलूप तसंच राहतं आणि स्वप्नही पूर्ण थांबलेलं नसतं. म्हणजे खोली खरी, दार खरं, आणि दारातला तो मात्र स्वप्नातला, दोन्ही एकाच वेळी दिसतं म्हणून ते इतकं खरं वाटतं. छातीवरच्या दाबाचंही तसंच आहे, श्वासपटल आपलं काम करत असतं पण छातीचे बाकीचे स्नायू सैल असतात, तुम्ही जोरात श्वास घ्यायला जाता आणि तो घेता येत नाही, मग वाटतं कोणीतरी वर बसलंय.

साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखं होणं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हणतात म्हातारी हडळ येऊन बसली. इंग्रजी नाइटमेअर शब्दातला मेअर म्हणजे घोडी असं मला कित्येक वर्षं वाटायचं, तर तोही मुळात झोपलेल्याच्या छातीवर बसणारा जुन्या कथांमधला जीवच निघाला. जिथे बघावं तिथे दाब तोच आणि जखडणं तेच, बसणारा कोण हे मात्र जो तो आपापल्या गोष्टींतून घेतो.

अपुरी झोप, झोपेच्या वेळा सारख्या बदलणं, ताण आणि पाठीवर झोपणं यांनी हे वाढतं. कुशीवर झोपून बघा. पाळी बदलते त्या आठवड्यात झोपेचे तास कापू नका. झटका आलाच तर सगळं अंग हलवायच्या भानगडीत पडू नका, फक्त एका पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास संथ ठेवा, काही सेकंदांत, फार तर एकदोन मिनिटांत ते सुटतं. दिवसा अनावर झोप येत असेल किंवा खळखळून हसताना अचानक गुडघे लुळे पडत असतील तर मात्र झोपेच्या डॉक्टरला दाखवाच, ते वेगळं दुखणं असू शकतं. आणि घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा, कारण "बाहेरचं आहे" या भीतीने माणूस जागत बसतो, आणि जागरणाने हेच पुन्हा होतं.

प्रश्न : मैत्रिणींनी प्लँचेट केलं, चौघींनी उलट्या ग्लासवर बोट ठेवलं होतं. आईशप्पथ सांगते ग्लास सरकला, अक्षरं जुळवून नाव आलं. कोणीच ढकलत नव्हतं. मग कोण ढकलत होतं?
– चौघींतली एक

उत्तर : तुम्हीच, चौघीही. आणि कोणीच ढकलत नव्हतं हेही खरं.

१८५३ साली युरोपात टेबल फिरवण्याचं वेड आलं होतं, लोक टेबलावर हात ठेवून गोल बसायचे आणि टेबल फिरायचं. मायकेल फॅरडे, तोच विजेवाला, त्याने कोणाला खोटारडा म्हटलं नाही. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट थर दिला आणि त्यावर लोकांना हात ठेवायला सांगितले. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकला पाहिजे, हात टेबलाला ढकलत असेल तर वरचा. वरचाच जास्त सरकलेला निघाला. मग त्याने एक काडी बसवली, हात जरासा बाजूला गेला तरी ती कलायची. लोकांना ती काडी दिसायला लागल्यावर टेबल फिरायचं थांबलं! मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. माणसं प्रामाणिक होती, आपण ढकलतोय हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं, कळल्यावर हात थांबले. नुसत्या कल्पनेने स्नायू असे बारीक हलतात, याला आयडिओमोटर परिणाम म्हणतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर चौघींच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि पाचवीला सांगा की गुपचूप अक्षरांची जागा बदल. आत्म्याला अक्षरं दिसत असतील तर नाव बरोबर यायला हवं. येतं ते नुसतं कखगघङ.

प्रश्न : आम्ही तिघं रात्री गाडी बंद पडली म्हणून थांबलो होतो. लांब अंधारात एक बारीक दिवा डावीकडे सरकला, मग वर गेला, मग गोल फिरला. एकाला भास होईल, तिघांना एकच भास कसा होईल? तिघांचं वर्णन शब्दाला शब्द जुळतं.
– शंकासुर

उत्तर : शब्दाला शब्द जुळतं हेच मला खटकतंय. तीन साक्षीदारांची जबानी इतकी जुळली तर कुठलाही पोलीस आधी हेच विचारेल की तुमचं आपसात बोलणं कधी झालं.

आधी दिव्याचं बघू. आज रात्री खोली पूर्ण काळोखी करा, चार्जरचा बारीक दिवा तेवढा दिसू द्या, तोही कागदाने झाकून टाचणीएवढाच. एक मिनिट बघत बसा. तो दिवा सरकायला लागेल. तो भिंतीत पक्का बसलाय हे माहीत असून सरकेल. कारण आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात, एरवी आजूबाजूच्या वस्तूंवरून मेंदू तो हिशोब जुळवून घेतो, काळोखात जुळवायला काहीच नसतं, मग डोळ्याची हालचाल दिव्याच्या नावावर जमा होते.

आता तिघांचं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली नेमका हाच दिवा वापरून प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत न हलणारा दिवा, आणि लोकांना विचारायचं किती हलला. एकेकट्याला विचारलं की आकडे वाटेल तसे वेगळे. दोघातिघांना एकत्र बसवून मोठ्याने सांगायला लावलं की हळूहळू आकडे जवळ यायला लागले, आणि नंतर एकट्याला बसवलं तरी माणूस गटाचाच आकडा धरून राहायचा. तुमच्यातला एकजण "डावीकडे गेला बघ!" असं ओरडला असेल ना? नक्की ओरडला असणार.

आणि पुढे आठवणीतही भर पडते. १९७४ सालच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगात लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं गाड्या एकमेकांवर धडकल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं काच फुटलेली पाहिलीत का. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. "चक्काचूर" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७. एका शब्दाने एवढा फरक पडतो, तुम्ही तर ही गोष्ट आतापर्यंत दहा ठिकाणी रंगवून सांगितली असेल.

प्रत्यक्षात तिथे काय होतं, तारा होता की कोणाची बॅटरी, ते मी इथे बसून नाही सांगू शकत. पुढच्या वेळी काही दिसलं तर एकमेकांशी चकार शब्द न बोलता तिघांनी आपापल्या मोबाइलवर लिहून काढा, मग ताडून बघा.

प्रश्न : स्वप्नात जुना मित्र आजारी दिसला, दुसऱ्या दिवशी कळलं तो खरंच ॲडमिट आहे. हा योगायोग?
– अर्धा विश्वास

उत्तर : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आता जरा आकडे मांडू. समजा स्वप्न असं जुळण्याची शक्यता एका रात्री दहा हजारात एक, म्हणजे अगदीच दुर्मीळ. दहा लाख माणसं रोज रात्री एकेक स्वप्न बघतात असं धरलं तर रोज सकाळी शंभर माणसं अंगावर काटा घेऊन उठणार. त्या शंभर जणांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात, बाकीचे नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे लोक तोंड धुऊन कामाला लागतात. तुमची स्वतःची न जुळलेली स्वप्नं कुठे आहेत? उशाशी वही ठेवा आणि उठल्या उठल्या, फोन बघायच्या आधी, लिहा. दोन महिने करा. बहुतेक जण पंधरा दिवसांत कंटाळतात कारण वहीत काहीच जुळत नाही.

प्रश्न : तुम्ही इन्फ्रासाउंडबद्दल, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजाबद्दल, का लिहीत नाही? भुतं दिसतात ती सगळी इन्फ्रासाउंडमुळेच, हे सायन्सने सिद्ध झालंय. आमच्या ग्रुपवर मी सगळ्यांना हेच सांगतो.
– पक्का नास्तिक

उत्तर : गोष्ट झकास आहे, मीही कित्येक वर्षं सांगायचे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा विक टँडी नावाचा इंजिनिअर, प्रयोगशाळेत रात्री काम करताना त्याला अस्वस्थ वाटायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, आणि शोध घेता घेता तो नव्या एक्झॉस्ट फॅनपर्यंत पोचला. फॅनमधून १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला ऐकू न येणारा आवाज निघत होता. त्याने हे १९९८ साली प्रसिद्ध केलं.

पण पुढचं कोणी सांगत नाही. २००९ साली लंडनच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी मुद्दाम एक खोली बनवली, आत कधी इन्फ्रासाउंड सोडला, कधी चुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. लोकांना आधीच सांगितलं होतं की आत विचित्र वाटू शकतं. बऱ्याच जणांना वाटलंही. पण त्याचा आत काय चालू होतं याच्याशी संबंधच लागला नाही, "वाटू शकतं" हे सांगणंच बहुधा पुरेसं होतं. मग एका फॅनवरून जगातली सगळी भुतं निकालात काढणं आणि एका स्वप्नावरून भविष्य दिसतं म्हणणं, यात फरक काय राहिला सांगा बघू. ग्रुपवर दुरुस्ती टाका.

एक कारण मात्र कधीच हसण्यावारी नेऊ नका. १९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकिकत छापली, नव्या घरात गेल्यापासून डोकेदुखी, पावलांचे आवाज, आकृत्या. कारण निघालं बिघडलेली भट्टी, तिचा धूर घरात पसरत होता, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतंय असं असेल तर तिथे भूत आहे की नाही याची चर्चा करत बसू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा, आणि शेगडी, हीटर, गीझर जे काय जळत असेल ते तपासून घ्या.

प्रश्न : सोबत फोटो पाठवतेय. भावाच्या डोक्याभोवती पांढरे गोळे दिसतायत, ते आत्मे आहेत का?
– बहीण

उत्तर : धूळ आहे. लेन्सजवळच्या कणावर फ्लॅश पडला की असाच फोकसबाहेरचा गोल गोळा येतो. फ्लॅश बंद करून त्याच जागी फोटो काढा, मग फ्लॅश लावून आणि आधी एक चादर झटकून काढा, दुसऱ्या फोटोत आत्म्यांचं संमेलन भरलेलं दिसेल. भावाचे डोळे मात्र तिन्ही फोटोंत मिटलेले येतील अशी मला दाट शंका आहे.