इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं कॉटेज घेताय? आधी भिंत बघा

ताई, दारावरच्या गुलाबाच्या वेलीला भुलू नका. बाहेरून दगडांच्या सांध्यांवर नख फिरवा. चुना असेल तर थोडा भुगा पडतो; करडं, टणक सिमेंट लागलं तर सावध व्हा. या जुन्या भिंती भरीव असतात, ओल त्या सांध्यांतूनच वाळते. सिमेंटने ती कोंडते आणि आतून पोपडे सुटतात. आम्ही दोन हिवाळे तसे काढलेत, म्हणून जीव तोडून सांगतेय.

घर ‘ग्रेड टू लिस्टेड’, म्हणजे संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं असेल तर खिडक्या बदलायलाही तिथल्या कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) परवानगी लागते. आधीच्या मालकाने विनापरवाना काही केलं असेल तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात येतं; वकिलाकडून कागद मागवाच. घराचा सर्व्हे लेव्हल ३ चाच, म्हणजे सगळ्यात सखोल तपासणीचा करा. छप्पर गवती असेल तर ऑफर देण्याआधी विम्याचा आकडा विचारा.