जे-२० चे नक्की किती प्रकार आहेत, आणि ते जे-२०बी गेलं कुठे?

तुम्ही विचारलंय की चीनच्या जे-२० या स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या लढाऊ विमानाच्या बाबतीत ए, बी, एस अशी इतकी अक्षरं ऐकू येतात, वर आता जे-३५ आणि जे-३६ पण आलेत, तर यातलं खरं किती आणि यूट्यूबवरचं किती. मी हे विमान पहिले अंधुक फोटो आले तेव्हापासून, म्हणजे २०१० च्या डिसेंबरअखेरपासून फॉलो करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी पक्कं काय ते सांगतो. ३ सप्टेंबर २०२५ च्या बीजिंग परेडमध्ये चीनने साधं जे-२०, जे-२०ए आणि दोन सीटचं जे-२०एस असे तीन प्रकार एकाच दिवशी उडवून दाखवले. अधिकृत नावं एवढीच. जे-२०बी म्हणून आपण सगळे ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षं बोलत होतो ते शेवटी जे-२०ए म्हणून समोर आलं. झालं असं की सुरुवातीची विमानं रशियन एएल-३१ इंजिनवर उडायची आणि २०१९ च्या सुमारास चिनी डब्ल्यूएस-१०सी इंजिन बसवलेली दिसायला लागली, तर लोकांनी हिशोब केला की इंजिन बदललं म्हणजे हे ए झालं आणि यापुढचं येईल ते बी. मग २०२० मध्ये पेपरात पण जे-२०बी असंच छापून आलं, त्यात थ्रस्ट व्हेक्टरिंग असणार म्हणजे इंजिनाचं नोझल वळवता येणार असंही होतं, आणि ते एकदा छापून आल्यावर प्रत्येक व्हिडिओत तेच.

थ्रस्ट व्हेक्टरिंगचा अंदाज अगदी हवेतला नव्हता हे पण सांगायला पाहिजे. २०१८ च्या झुहाई एअर शोमध्ये चीनने जे-१० या आपल्या दुसऱ्या लढाऊ विमानावर असं वळणारं नोझल लावून कोब्रा (उडता उडता नाक एकदम वर उचलणं) वगैरे कसरती करून दाखवल्या होत्या, त्यामुळे पुढचा नंबर जे-२० चा असं वाटणं साहजिक होतं, मलाही वाटलं होतं. पण आजपर्यंत जे-२० च्या कुठल्याही फोटोत तसं नोझल दिसलेलं नाही. तेव्हापासून मी अक्षरांच्या मागे लागणं सोडलं आणि फक्त दोन गोष्टी बघायला लागलो, विमानाची पाठ आणि विमानाचं शेपटाकडचं टोक. तुम्हालाही तेच सांगेन.

पाठ म्हणजे काय, तर जुन्या जे-२० मध्ये पायलटच्या काचेच्या मागे पाठ थोडी खाली उतरते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कारखान्याच्या पिवळ्या प्रायमरमधल्या एका विमानाचे फोटो आले, त्यात ती उतरती जागा भरून काढलेली होती आणि पाठ काचेपासून जवळपास सरळ मागे गेलेली होती. हेच आजचं जे-२०ए. ती जागा का भरली यावर खूप वाद झाले. काहीजण म्हणतात आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून, काहीजण म्हणतात जास्त इंधनासाठी. माझा अंदाज असा की दोन्ही, आणि सोबत इलेक्ट्रॉनिक्ससाठी जागा, कारण लढाऊ विमान जुनं होत जातं तसं त्यात कॉम्प्युटर आणि त्यांना थंड ठेवायची यंत्रणा वाढतच जाते.

आता मागचं टोक, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. एएल-३१ च्या नोझलच्या पाकळ्यांची कड साधी असते, डब्ल्यूएस-१०सी ची करवतीसारखी दातेरी असते, म्हणजे मागून रडारचे किरण आले तर ते सरळ परत जाऊ नयेत. २०२५ च्या फेब्रुवारीत मी येलहंकाला एरो इंडियाला गेलो होतो, तिथे रशियाचं सुखोई-५७ आलं होतं आणि अमेरिकेचं एफ-३५ पण, तेव्हा मी गर्दीत बराच वेळ फक्त या विमानांच्या मागच्या बाजूला थांबलो. आपलं सुखोई-३० उभं असतं तेव्हा त्याची नोझल्स खाली झुकलेली असतात, इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिकचं प्रेशर जातं म्हणून, आणि पाकळ्यांचा धातू तापून तापून निळसर-तपकिरी झालेला असतो. एवढ्या उष्णतेत, एवढ्या वेगाने फिरत वर्षानुवर्षं टिकणारी इंजिनातली पाती बनवणं किती अवघड असेल ते तो धातू बघितल्यावर डोक्यात शिरतं. आपल्या सुखोई-३० मधलं एएल-३१एफपी आणि पहिल्या जे-२० मधलं इंजिन हे एकाच घराण्यातले भाऊ, आपल्याचा थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलायचा जोर, साधारण १२.५ टन. चीनला ते पुरणारं नव्हतं, इतक्या मोठ्या, २० मीटरपेक्षा लांब विमानाला ते कमीच पडतं, म्हणून त्यांनी डब्ल्यूएस-१५ हे स्वतःचं नवीन इंजिन हाती घेतलं, ज्याचं लक्ष्य १८ टनांच्या आसपास सांगितलं जातं. तुलनेसाठी, अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ विमानाच्या इंजिनाचा थ्रस्ट साधारण १६ टन आहे. २०२३ च्या जूनअखेर दोन डब्ल्यूएस-१५ लावलेलं जे-२० उडाल्याचे फोटो आले. म्हणजे विमान पहिल्यांदा उडालं ११ जानेवारी २०११ ला आणि त्याचं हक्काचं इंजिन दोन्ही बाजूला लागलं तब्बल साडेबारा वर्षांनी.

त्यामुळे माझ्यासाठी प्रकार खरे तीन नसून इंजिनांच्या पिढ्या तीन आहेत, आणि कुठल्याही नवीन बातमीत मी आधी हे शोधतो की फोटो मागून आहे का.

दोन सीटचं जे-२०एस २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीवर चालताना दिसलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते ट्रेनिंगचं विमान ठरवलं. तसं नाहीये. एकट्या पायलटने उडवायच्या स्टेल्थ विमानासाठी जगात सगळीकडे सिम्युलेटर वापरतात, एफ-२२ चा दोन सीटचा प्रकार अमेरिकेने १९९६ मध्ये रद्दच केला होता. २०२४ च्या झुहाईत चिनी कंपनीने स्वतः याचं काम सांगितलं त्यात जमिनीवर आणि समुद्रावर हल्ला, इलेक्ट्रॉनिक जॅमिंग आणि लढाईचं कमांड-कंट्रोल हे सगळं होतं. मागच्या माणसाकडे पुढे जाऊन ड्रोन सांभाळायचं काम येईल असा माझा अंदाज आहे, आणि या अंदाजावर मी बऱ्यापैकी ठाम आहे. आपणही रशियाबरोबरच्या एफजीएफए या स्टेल्थ लढाऊ विमानाच्या प्रकल्पात सुरुवातीला दोन सीटचंच विमान मागत होतो, मग ती मागणी सुटली आणि २०१८ मध्ये आपण प्रकल्पातूनच बाहेर पडलो. ते मला आजही लागतं.

जे प्रकार आलेच नाहीत त्यांच्यावर जास्त लिहित नाही. विमानवाहू जहाजावरचं जे-२० येणार अशी खूप हवा होती, ते काम शेनयांगच्या जे-३५ ला मिळालं आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ते फुजियान जहाजावरून इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅटापल्टने, म्हणजे विमानाला विजेच्या जोरावर पुढे फेकणाऱ्या यंत्रणेने, उडालेलं चीनने दाखवलंही. जे-३५ हा जे-२० चा प्रकार नाही, ते वेगळ्या कारखान्याचं वेगळं विमान आहे, एफसी-३१ या आधीच्या विमानापासून वाढवलेलं, हे कृपया लक्षात ठेवा कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. जे-३६ तर त्याहून वेगळं, शेपूट नसलेलं, तीन इंजिनांचं, २६ डिसेंबर २०२४ ला चेंगदूवर दिसलेलं. त्याचं नाव पण लोकांनीच नाकाजवळच्या ३६०११ या आकड्यावरून पाडलंय. त्या दिवशी त्याच्या शेजारून जे-२०एस उडत होतं आणि जगभरच्या लोकांनी जे-२० ची लांबी धरूनच त्या नव्या विमानाचं माप काढलं.

अंदाज चुकला तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेचंच आहे. २००९ मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स जाहीर बोलले होते की २०२० पर्यंत चीनकडे पाचव्या पिढीचं, म्हणजे एफ-२२ सारखं स्टेल्थ, एकही विमान नसेल, आणि त्याच काळात एफ-२२ चं उत्पादन १८७ वर थांबवायचं ठरलं. दीड वर्षात गेट्स बीजिंगमध्ये असतानाच जे-२० उडालं, २०१७ मध्ये सेवेत आलं, आणि आज त्यांची संख्या एफ-२२ च्या वर गेलीय. म्हणून चीनचं सगळं कॉपी आहे, खोटं आहे असं म्हणणाऱ्या कमेंट वाचल्या की मला खरंच काळजी वाटते. आपलं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं, एएमसीए या आपल्या येऊ घातलेल्या स्टेल्थ विमानाची सुरुवातही अमेरिकन इंजिनावर होणार आहे, तेव्हा इंजिनाच्या बाबतीत दुसऱ्याला हसायची आपली वेळ नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की यातलं भारतासाठी काय महत्त्वाचं. २०२४ च्या मे महिन्यात उपग्रहाच्या फोटोत तिबेटमधल्या शिगात्सेला सहा जे-२० उभी दिसली होती, सिक्कीमच्या सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या आत. शिगात्से ३,७८० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवा विरळ, इंजिन तिथे खालच्यासारखं ओढत नाही, पंखांनाही उचल कमी मिळते, म्हणून तर तिथली धावपट्टी ५ किलोमीटरची आहे. इंधन आणि क्षेपणास्त्रं पूर्ण भरून तिथून उडणं अवघड, आणि ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे कारण उत्तर बंगालमधल्या हाशिमारा तळावरची आपली राफेल जवळपास समुद्रसपाटीवरून भरलेली उठतात. डब्ल्यूएस-१५ ने हाच फरक कमी होतो. म्हणून मला जे-२०सी का डी येतंय यात फारसा रस नाही. शिगात्से किंवा शिनजियांगमधल्या होतान तळाला उभ्या जे-२०ए चा मागून काढलेला स्वच्छ फोटो जेव्हा येईल, त्यात नोझल कुठलं आहे ते मी पहिलं बघणार आहे, आणि आला की या उत्तरात टाकतो.