सैनिक १ ते सैनिक २८

पोरी,

तुझे अठ्ठावीस फोटो मिळाले. दोनदा पाहिले, एकदा नुसत्या चष्म्याने आणि एकदा भिंग लावून. फाइलींना तू ‘सैनिक १’ ते ‘सैनिक २८’ अशी नावं दिली आहेस. त्यांतल्या एकोणीस फोटोंत माणूस पाठमोरा, नाहीतर काळी आकृती आणि मागे मावळता सूर्य. बाकीच्यांत बूट, बिल्ले, झेंडा. उजेड तुला कळतो, त्यावर मी काही बोलत नाही. पण एवढ्या फोटोंत मला एकसुद्धा चेहरा सापडला नाही.

मला वाटतं, गडबड कॅमेऱ्याच्या आधी झाली आहे, त्या फाइलींच्या नावात. ‘सैनिक’ हा शब्द भाषणात असतो, पाटीवर असतो. गावात कुणी म्हणतं का, माझा मुलगा सैनिक आहे? ‘मिल्ट्रीत आहे’ म्हणतात. आमच्या साताऱ्याकडे जुनी माणसं ‘पलटणीत’ म्हणायची. वर्तमानपत्रात पन्नाशीला टेकलेला सुभेदारही ‘जवान’ असतो. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्याला आपले लोक सोजीर म्हणत. सोल्जरच तो, आपल्या तोंडी बसलेला. सोजीर म्हणजे गोरा आणि शिपाई म्हणजे आपला. एका फौजेत, एका कामाला, दोन शब्द आणि दोन पगार. (पगारावरून आठवलं, सोल्जरच्या मुळाशी सॉलिडस नावाचं रोमन नाणं आहे.) मग हा शिपाई कचेरीत आला, साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसला आणि घंटी वाजली की चहा सांगायला जाऊ लागला. हवालदाराचं तेच. शिवकाळात नऊ पाइकांवर, म्हणजे पायदळातल्या शिपायांवर, एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. आज फौजेत नाईक आहे, हवालदारही आहे. पण चौकात शिट्टी मारणारा कुठलाही पोलीस आपल्याला हवालदारच दिसतो. पाईक मात्र फौजेतून गेला. तो आता वारीत भेटतो, विठोबाचा म्हणून.

हे सगळं शब्दकोशाचं काम वाटेल तुला. मी ते शिकलो चपराक बसल्यावर. पुण्यात एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांचा फोटो मी काढला होता. चांगला आला होता. छापून आला तेव्हा खाली मी ‘वॉचमन’ लिहिलेलं. अंक द्यायला गेलो तर त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, “साहेब, मी नाईक म्हणून रिटायर झालोय. एकदा विचारायचं तरी.” आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

फोटोखालचा शब्द काय करतो हे पाहायचं असेल तर फेलीचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८ साली लखनौच्या सिकंदर बागेत काढलेला फोटो शोध. मोडकी इमारत, समोर मोकळ्या जागेत हाडं, कवट्या आणि चार-पाच जिवंत माणसं. कत्तल झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये, बेआतो पोचला पुढच्या वर्षी. तोवर हाडं अशी उघड्यावर कशी राहतील? फोटोसाठी ती पुन्हा मांडली गेली, असं अभ्यासक मानतात. त्या फोटोच्या मथळ्यात मेलेले ‘बंडखोर’ आहेत आणि मारणारी ९३वी हायलँडर्स नि ४थी पंजाब या पलटणी आहेत. म्हणजे मारणाऱ्यांतही शिपाई आणि मेलेल्यांतही शिपाई. काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच सरकारचं मीठ खाणारे. मथळा झाकून तो फोटो पाहा, मग उघडून पाहा. मी काय म्हणतोय ते कळेल.

आता आमच्या दुकानाची गोष्ट.

वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, कमान आणि कारंजं. भरती झालेली मुलं जायच्या आधी फोटो काढायला यायची आणि पहिल्या सुट्टीत पुन्हा यायची, या वेळी वर्दीत. मधल्या वर्षात मान बदललेली असायची. चेहरा तोच, पण मान सरळ. वडील मला दोन्ही निगेटिव्ह शेजारी धरून दाखवायचे.

१९७१ च्या डिसेंबरात मी सतरा वर्षांचा होतो. बांगलादेशच्या युद्धात मराठा पलटण तिकडच्या जमालपूरला लढत होती, ते नाव आमच्याकडे घरोघरी झालं. तेव्हा देह गावी येत नसे. तार यायची, मग कधीतरी काळी ट्रंक यायची, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. तिरंग्यातली पेटी गावात येऊ लागली ती कारगिलच्या युद्धापासून. त्यामुळे घरच्यांना हाताशी असायचा तो फोटो. तोही बऱ्याचदा पासपोर्टएवढा, किंवा कुणाच्या लग्नातल्या घोळक्यात तिसऱ्या ओळीत. “यातून ह्याला काढा आणि मोठा करा” म्हणत लोक यायचे. वडील त्या फोटोचा फोटो घेऊन नवी निगेटिव्ह करायचे, ब्रोमाइड कागदावर मोठी प्रत काढायचे आणि ब्रशने सदऱ्यावर वर्दी रंगवायचे. बिल्ला, पट्टा, टोपी, सगळं. माझं काम रंग कालवायचं.

एका घरच्या दोघी आल्या, बायको आणि आई. बायको विशीची असेल. तिला वर्दीतला हवा होता. जत्रेतला एक फोटो होता त्यांच्याकडे, त्यात तो हसतोय, सदऱ्याची कॉलर उघडी. वडिलांनी त्याच चेहऱ्याला वर्दी चढवली. चार दिवसांनी दोघी न्यायला आल्या. बायको बघत राहिली. आईने फोटो हातात घेतला, जवळ नेला आणि म्हणाली, “ह्यो कोन? आमच्या पोराचं वरचं बटन कधी लागल्यालं न्हाई.”

वडिलांनी दुसरा काढून दिला, जत्रेतला होता तसाच, नुसता मोठा करून. दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही फ्रेम त्या घरात शेजारी शेजारी लागल्या.

सुझॅन ऑप्टन या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांचे फोटो काढले, त्यांचं डोकं टेबलावर आडवं ठेवायला सांगून. फक्त डोकं. वर्दी जवळजवळ दिसतच नाही. मालिकेचं नाव मात्र ‘सोल्जर’. मला ते पाहताना ते बटण आठवलं.

तू काय करावंस ते सांगतो. छावणीच्या आसपास कॅमेरा काढू नकोस, तिथे मनाई असते आणि ती योग्य आहे. सुट्टीवर आलेल्याची पोस्टिंग, युनिट, परत जायची तारीख कुठेही लिहायची नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार, “खाली काय लिहू?” उत्तर येईल ते लिही. कुणी हुद्दा सांगेल, कुणी गावाचं नाव, कुणी म्हणेल शेतकरी लिहा.

सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला जा. गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात एवढ्याशा गावातले ४६ जण कामी आले. पण स्मारकाचा एक फोटो काढून परत येऊ नकोस, तसे पुष्कळ आहेत.

पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर मुलं ‘सोळाशे’ मारताना दिसतील. साडेपाच मिनिटांत १.६ किलोमीटर धावलं की फौजेच्या भरतीत धावण्याचे पूर्ण गुण, म्हणून ती घड्याळ मुठीत धरून धावतात. त्यांना अजून कुठलाच शब्द लागलेला नाही. यांतले जे अग्निवीर होतील त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत चार वर्षांनी कायम होतील, बाकीचे बाविशी-तेविशीत घरी. सध्याच्या नियमांत त्यांना ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. गाव त्यांना काय म्हणेल, मला ठाऊक नाही. तुझ्या जागी मी असतो तर एकच मुलगा धरला असता. आत्ता धावताना एक फोटो, वर्दीत एक, आणि परत आल्यावर एक. पाच वर्षं लागतील. तुझ्याकडे ती आहेत.

घरात भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो घ्यायचा असेल तर समोरून फ्लॅश मारू नकोस. खिडकी बाजूला राहील असं उभं राहा, काळं फडकं पाठीमागे धर, पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक मारणारा फिल्टर, असेल तर लाव. आणि काच पुसू नकोस. त्या दोन फ्रेमच्या घरी मी १९८४ साली गेलो होतो. फ्रेम उंच लागल्या होत्या, वर सगळी धूळ, चेहरा नीटसा दिसतही नव्हता. जत्रेतल्या फोटोवर फक्त गळ्याशी, बटणाच्या जागी, काच लखलखीत होती. म्हातारीचा हात तेवढाच पोचत असे. मी स्टुलावर चढलो, रुमालाने काच पुसली आणि मग फोटो काढला. स्वच्छ आलाय. तो तुला पाठवत नाही.

तुझा
काका