जेबेल अलीला यावे का? एका सविस्तर प्रश्नाचे उत्तर

न्हावा शेव्याच्या कंटेनर गोदामातील पर्यवेक्षकाची नोकरी सोडून दुबईच्या जेबेल अली मुक्त व्यापार क्षेत्रात, म्हणजे येथे सगळे ज्याला ‘जाफ्झा’ म्हणतात तेथे, यावे का आणि हे क्षेत्र पुढची दहा-पंधरा वर्षे टिकेल का, असे आपण विचारले आहे. मी याच भागात मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे. माझ्या मते, क्षेत्राच्या भवितव्याची काळजी आपण फारशी करू नये. करायचीच तर हातात येणाऱ्या करारपत्राची करावी.

जुन्या दुबईपासून सुमारे 35 किलोमीटर नैऋत्येला असलेले जेबेल अलीचे बंदर 1979 मध्ये सुरू झाले. शहरात पोर्ट रशीद असताना इतक्या दूर वाळवंटात दुसरे बंदर कशाला, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली होती. त्याला बळ मिळाले ते 1985 मध्ये लगतच मुक्त क्षेत्र स्थापन झाल्यावर. 19 कंपन्यांपासून सुरू झालेल्या या 57 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात आज 10,000 हून अधिक कंपन्या आहेत आणि बंदराने 2024 मध्ये सुमारे 1 कोटी 55 लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर हे मोजमापाचे एकक) इतके कंटेनर हाताळले.

यामागचे गणित आपल्या लगेच ध्यानात येईल. चीन किंवा भारतातून आलेला कंटेनर येथे सीमाशुल्क न भरता उघडता येतो, त्यातील माल वेगळा करून, लेबले लावून, पुन्हा भरून पूर्व आफ्रिका, इराक किंवा मध्य आशियाकडे पाठवता येतो; माल अमिरातीच्या स्थानिक बाजारात उतरवला तरच, साधारणपणे पाच टक्के, शुल्क द्यावे लागते. घाईचा माल बॉन्डेड मार्गाने, म्हणजे सीमाशुल्क न भरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली, थेट अल मक्तूम विमानतळावर जातो आणि तेथून विमानाने पुढे. हा विमानतळ 2010 मध्ये मालवाहतुकीनेच सुरू झाला. त्याच्या 128 अब्ज दिरहमच्या विस्ताराची घोषणा 2024 मध्ये झाली आहे. बंदर, गोदाम आणि धावपट्टी एकमेकांना इतकी खेटून असणे, हेच या जागेचे खरे भांडवल आहे. कंपनीची पूर्ण मालकी परकीयांकडे ठेवण्याची मुभा हे पूर्वी मोठे आकर्षण होते. अलीकडे मुक्त क्षेत्राबाहेरही ती बऱ्याच व्यवसायांना मिळू लागल्याने त्याचे अप्रूप कमी झाले आहे.

उणिवाही आहेत. बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत असल्यामुळे आखातात तणाव वाढला की जहाजांच्या विम्याचे दर चढतात. शिवाय, मुक्त क्षेत्रांत तयार झालेल्या मालाला सौदी अरेबियाने 2021 मध्ये शुल्कसवलत नाकारली. त्यामुळे त्या बाजारावर अवलंबून असलेल्या उत्पादकाकडील नोकरीपेक्षा साठवणूक आणि पुनर्निर्यात करणाऱ्या कंपनीतील नोकरी मला अधिक भरवशाची वाटते. भारताशी झालेला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे आणि भारतीय मालासाठी येथे ‘भारत मार्ट’ या व्यापार केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली, म्हणजे न्हावा शेव्याकडील कागदपत्रांची खाचखोच जाणणाऱ्या माणसाला येथे मागणी राहील.

आता कराराविषयी. एकूण पगाराच्या आकड्यावर भाळू नका, त्यातील मूळ वेतन किती ते पाहा. कारण सेवा संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावरच, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या आणि पुढे 30 दिवसांच्या हिशेबाने मिळते. पगारावर प्राप्तिकर नसला तरी भविष्यनिर्वाह निधीही नाही, तेव्हा बचत स्वतःच करावी लागते. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा असतो. तो मागणाऱ्या दलालाला सरळ नकार द्यावा. पारपत्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नये.

राहण्यासाठी शारजा स्वस्त वाटेल, परंतु रोजच्या वाहतूककोंडीत ती बचत जाते असे माझे मत आहे. जेबेल अलीजवळच्या डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीला मेट्रो आहे, आपल्याकडची कुटुंबेही आहेत; मात्र मेट्रोच्या स्थानकापासून गोदाम बरेच आत असू शकते, म्हणून कंपनीची बस कोठून सुटते आणि रात्रपाळीला असते का, हे होकार कळवण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.