पत्र्याच्या कामात सुपरवायझर व्हायचंय तर

एकदम सुपरवायझर व्हायची घाई करू नकोस. निदान दोन पावसाळे छपरावर पत्रे बसवणाऱ्या फिटरच्या हाताखाली काढ. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली शेड आणि खानापूर, कणकुंबीकडचं कौलारू घर, दोन्ही चढून बघ. घाटाजवळचा पाऊस जे शिकवतो, ते बेळगाव शहरात कळत नाही.

पत्रा अंथरायला सुरुवात कुठून करायची, हे आधी पक्कं कर. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्याच्या उलट टोकाकडून लावत यायचं. मग जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. वरच्या पत्र्याचा खालच्यावर निदान 150 मिलिमीटर चढाव हवा. उतार कमी असेल तर जास्त. स्क्रू नळीच्या, म्हणजे पत्र्याच्या उंचवट्याच्या, माथ्यावर मारायचा, दोन उंचवट्यांमधल्या पन्हळीत नाही, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. रबरी वॉशर चेपून फाटेपर्यंत आवळू देऊ नकोस. माझ्या पहिल्या शेडला मी हेच होऊ दिलं आणि जूनमध्ये मालकाच्या पोत्यांवर पाणी ठिबकलं. अजून मनाला लागतं ते.

बेल्ट आणि लाइफलाइन, म्हणजे पडताना धरून ठेवणारा दोर, बांधल्याशिवाय कुणालाही वर सोडू नकोस, नात्यातला असला तरी. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर फळी टाकूनच चालायचं. उजेडाच्या पारदर्शक पत्र्यावर पाय अजिबात नाही. तिथूनच माणसं खाली जातात.

आणि कन्नड शीक बाबा. गड्यांपैकी निम्मे कन्नड बोलणारे असतात. “थांब” हे त्यांना त्याच क्षणी कळलं पाहिजे.