एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्नियात टाहो सरोवराजवळच्या डेसोलेशन वाइल्डरनेस या संरक्षित डोंगराळ भागात बॅककंट्री स्कीइंग (रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांवरचे स्कीइंग) करताना किती वाजता उतरायला सुरुवात करावी?
पूर्वाभिमुख उतारावरून साधारणपणे सकाळी ९ ते १०च्या सुमारास, दक्षिणाभिमुख उतारावरून त्यानंतर तासाभराने आणि पश्चिमाभिमुख उतारावरून दुपारच्या आसपास खाली यावे. मात्र घड्याळापेक्षा पायाखालच्या बर्फावर अधिक भिस्त ठेवावी. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे या चक्रातून जुन्या बर्फाचे जाड, गोलसर दाणे तयार होतात आणि स्कीपटू त्यालाच कॉर्न स्नो म्हणतात. पहाटे हा थर फरशीसारखा टणक असतो व त्यावर स्कीची कड धरत नाही. उन्हाने वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल झाले आणि खालचा भाग घट्टच राहिला, की उतरण्याची खरी वेळ आली. ही अवस्था फार काळ टिकत नाही. बूट घोट्यापर्यंत रुतू लागले किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर ओल्या हिमस्खलनाचा धोका सुरू झाला असे समजून तेथून ताबडतोब बाजूला व्हावे. हे सारे गणित रात्री बर्फ नीट गोठला तरच जुळते. कोरड्या, निरभ्र रात्री हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडून गोठू शकतो, पण ढगाळ रात्री ती उष्णता अडून राहते आणि थर आतून ओलाच राहतो. पहाटे पहिल्याच चढावर काठी सहज आत गेली, तर त्या दिवशी तीव्र उताराचा बेत रद्द करणेच मला योग्य वाटते.